आधीचा घाणा कशाचा?

घरात कुणाला ग्लुटेन चालत नाही असं निदान झालं की पहिल्या आठवड्यात रवा, मैदा, बिस्किटं, पाव यांची रवानगी होते. दुसऱ्या आठवड्यात नजर तेलाकडे वळते. इथे बहुतेक घरं चुकीच्या दिशेने निघतात. दुकानात उभं राहून पिशव्यांवर ‘ग्लुटेन-फ्री’ शब्द शोधायचे, सापडली की महागडी बाटली आणायची, आणि ती ओट्यावर पोळपाटाच्या शेजारी ठेवून द्यायची.

दुकानातली निवड सोपी आहे, ती आधी उरकून घेऊ. ग्लुटेन हे प्रथिन आहे. ते गहू, बार्ली आणि राय (इंग्रजीत rye; राई म्हणजे मोहरी नव्हे) या धान्यांत असतं. तेल म्हणजे निव्वळ स्निग्धांश. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, तीळ, खोबरं, मोहरी, सरकी, सोयाबीन, पाम यांपैकी कशातही मुळात ग्लुटेन नाही. त्यात रिफाइंड तेल असेल तर त्यातला चिकटा काढलेला असतो, ते कॉस्टिक सोड्याने धुतलेलं असतं, ब्लीचिंगच्या मातीतून गाळलेलं असतं आणि शेवटी निर्वातात २०० अंश सेल्सिअसच्या वर वाफ सोडून त्याचा वास काढलेला असतो. एवढ्यातून गेल्यावर शेंगदाण्याचं स्वतःचं प्रथिनही नावापुरतंच उरतं. म्हणून एकाच बियांचं, सीलबंद, साधं रिफाइंड तेल डोळे झाकून घ्या. त्यावर ग्लुटेन-फ्रीचा शिक्का असला तर त्याचे वेगळे पैसे मोजायचं कारण नाही.

नावांनी मात्र फसगत होते. राइस ब्रान म्हणजे तांदळाचा कोंडा, गव्हाचा नव्हे; ते तेल चालतं. मक्याच्या उद्योगात ‘कॉर्न ग्लुटेन’ असा शब्द वापरतात, पण ते मक्याचं प्रथिन आहे, गव्हाच्या ग्लुटेनशी त्याचा संबंध नाही. मक्याचं तेलही चालतं. सोया सॉसमध्ये गहू असतो म्हणून लोक सोयाबीन तेलही बंद करतात, ते विनाकारण. आणि आपल्याकडचा खास घोळ जवसाचा. जव म्हणजे बार्ली, ती वर्ज्य. जवस म्हणजे अळशी, तिच्यात ग्लुटेन नाही. आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या यादीत ‘जव’ वाचून जवसाची चटणी आणि जवसाचं तेल दोन्ही फेकून दिल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत.

खरोखर टाळायचं तेल एकच: व्हीट जर्म ऑइल, म्हणजे गव्हाच्या अंकुराचं तेल. ते स्वयंपाकात कमी आणि कॅप्सूल, त्वचेची तेलं यांत जास्त भेटतं. थंड पद्धतीने काढलेलं असेल तर त्यात प्रथिनाचे अंश राहू शकतात. परदेशातल्या मराठी घरांनी आणखी एक गोष्ट बघावी. केकच्या भांड्याला मारायच्या तेलाच्या फवाऱ्यांमध्ये एक जात पीठ घातलेली असते. साध्या फवाऱ्याच्या शेजारी, तशाच डब्यात ती मांडलेली असते आणि घटकांत गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं.

मिश्र तेलांत आपल्याकडे प्रत्येक तेलाचा वाटा वजनाने किमान २० टक्के हवा आणि कुठलं तेल किती हे पिशवीवर छापायला लागतं. ती ओळ वाचली की पुरे. लसूण-मिरचीचं तेल, तंदुरी स्वादाचं तेल, ‘रेडी तडका’ अशा बाटल्या मात्र तेलाच्या रकान्यात धरू नयेत, त्या मसाल्याच्या रकान्यात जातात. घटकांची पूर्ण यादी वाचल्याशिवाय त्या घरात येऊ नयेत. भारतात २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे गहू, बार्ली, राय, ओट्स यांपैकी काही असेल तर ते पाकिटावर ठळक सांगावं लागतं. घटकांच्या खालची ‘कंटेन्स’ आणि ‘मे कंटेन’ ही ओळ आधी बघायची, समोरच्या बाजूची जाहिरात नंतर.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. ज्याला सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार आहे आणि नुकतंच पथ्य सुरू झालंय, त्याचं आतडं अजून भरून आलेलं नसतं, त्याला चरबी नीट पचत नाही. अशा माणसाने भजी खाल्ली की पोट बिघडतं आणि खापर तेलाच्या ब्रँडवर फुटतं. मग सूर्यफूल सोडून करडई, करडई सोडून खोबरेल, असा सहा महिने प्रवास चालतो. पहिले काही महिने तेलाचं प्रमाणच कमी ठेवलं तर हा गोंधळ होत नाही. आणि ज्यांचं निदान अजून व्हायचंय, नुसता संशय आहे, त्यांनी रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. आधी बंद केला तर तपासणी खोटी स्वच्छ येऊ शकते.

आता लाकडी घाण्याकडे. पुण्या-नाशकापासून तालुक्याच्या गावापर्यंत हे घाणे पुन्हा सुरू झाले आहेत आणि तेल चांगलं असतं यात वाद नाही. पण ते रिफाइंड नाही. बियांबरोबर जे काही उखळीत गेलं, त्यातलं बारीक थोडं तेलात तरंगत बाहेर येणार. घाण्यात गहू कुणी घालत नाही, त्यामुळे आधीचा घाणा तिळाचा होता की शेंगदाण्याचा, याने ग्लुटेनच्या दृष्टीने फरक पडत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर पडतो, ती गोष्ट वेगळी. इथे बघायचं ते उखळीच्या आजूबाजूला.

पहिलं, शेजारी पिठाची गिरणी आहे का. बऱ्याच ठिकाणी एकाच मालकाचे दोन्ही धंदे एकाच शेडमध्ये असतात. गिरणी चालू असताना पीठ उडतं, ते उघड्या उखळीवर, तेल निथळायला ठेवलेल्या पातेल्यांवर आणि नरसाळ्यावर बसतं. गिरणीच्या खोलीत बोट फिरवून पांढरं आलं, तसंच घाण्याच्या खोलीतही आलं, तर तिथलं तेल घ्यायचं नाही. मध्ये भिंत आणि दार असेल, बाटल्या भरणं तेलाच्या बाजूला होत असेल, तर हरकत नाही. दुसरं, बारदान. शेंगदाणे कशात आले आणि आधी त्या पोत्यात काय होतं? गव्हाची रिकामी पोती पुन्हा वापरणं हा बाजारातला रोजचा व्यवहार आहे. तिसरं, चाळणी आणि वजनकाट्याचं पात्र. ज्या पात्रात दळणाचे गहू मोजले, त्यातच शेंगदाणे मोजले जातात.

यावर सोपा उपाय म्हणजे आपलं बी आपण न्यायचं. शेंगदाण्याचं एक लिटर तेल निघायला साधारण अडीच किलो दाणे लागतात, करडईला साडेतीन ते चार किलो, सुक्या खोबऱ्याला दोन किलोच्या आसपास. घाण्याची उखळी लहान-मोठी असते त्याप्रमाणे एका वेळी किती बी लागेल ते आधी विचारून घ्यावं. दहा किलो दाणे नेले तर चार लिटर धरून चालावं. दाणे घरी परातीत पसरून निवडायचे. शेंगदाण्यात गव्हाचा दाणा चटकन दिसतो. करडईत बारकाईने बघावं लागतं, कारण करडईचं बीही फिकट आणि लांबट. सगळ्यात त्रासदायक जवस आणि मोहरी, दोन्ही रब्बीची पिकं. जवस गव्हाच्या शेजारच्या वावरात असतं, मोहरी तर उत्तरेकडे गव्हातच आंतरपीक म्हणून घेतात, आणि मळणी एकाच यंत्रावर होते. ग्वाल्हेरकडच्या घरांत मोहरीचं तेल रोजचं असतं, त्यांनी घाण्याचं घेण्यापेक्षा सीलबंद घ्यावं हे बरं. जवस आणि मोहरी दोन्हीचं बी गव्हापेक्षा बारीक असतं, म्हणून गहू वर राहील अशा चाळणीतून दोनदा चाळून मग निवडायचं.

घाण्यावर सकाळचा पहिला नंबर मागायचा. त्या वेळी गिरणी सुरू झालेली नसते आणि उखळी पुसलेली असते. घरून स्वच्छ स्टीलचा डबा, झाकण आणि स्वतःचं नरसाळं न्यायचं. तेल गढूळ येतं, ते तसंच असतं. डबा न हलवता तीन-चार दिवस ठेवला की साका तळाशी बसतो. वरचं तेल हळूच दुसऱ्या डब्यात ओतायचं आणि तळाचं दोन बोटं सोडून द्यायचं. साक्यात दाण्याचा चोथा असतो, आणि पीठ आलं असेल तर तेही तिथेच बसतं. म्हणून साक्याचं तेल ग्लुटेन न चालणाऱ्याच्या भाजीत घालायचं नाही. डबा ओला राहिला तर तेल खवट होतं, म्हणून धुतल्यावर तो उन्हात कडक वाळवायचा.

किराणा दुकानातल्या सुट्या तेलाबद्दल फार लिहायची गरज नाही. दिल्लीत १९९८ साली भेसळीच्या मोहरीच्या तेलाने ड्रॉप्सीची, म्हणजे अंगावर सूज येण्याच्या आजाराची, साथ आली, त्यानंतर सुटं खाद्यतेल विकण्यावर बंधनं आली. तरी ते विकलं जातं. पंधरा किलोच्या डब्याला पंप लावलेला, त्याच हाताने मैदा मोजलेला. ग्लुटेनचा प्रश्न नसता तरी घेऊ नये.

तेल घरात आलं. यापुढे जे होतं ते बाटलीवर छापलेलं नसतं.

फोडणीपासून सुरुवात करू, कारण खरा चोर तिथे आहे: हिंग. बाजारात मिळतो तो जवळजवळ सगळा बांधणी हिंग. शुद्ध हिंगाचा चीक इतका उग्र असतो की तो पिठात आणि डिंकात बांधूनच विकतात. ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. हिशेब करून बघा. एका फोडणीत अर्धा ग्रॅम हिंग पडला आणि त्यात निम्मा मैदा धरला तर पाव ग्रॅम मैदा. मैद्यात ग्लुटेन साधारण ८ टक्के, म्हणजे २० मिलिग्रॅम. चार जणांत वाटले तर माणशी ५ मिलिग्रॅम. एका जेवणात आमटी आणि भाजी अशा दोन फोडण्या, म्हणजे १०. सिलिअ‍ॅकच्या बहुतेक रुग्णांना दिवसभरात १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन सोसतं असं मानतात. ती मर्यादा दुपारीच संपली.

याच्याशी तेल ताडून पाहा. ग्लुटेन-फ्री म्हणवायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. एखाद्या तेलात अगदी तेवढं ग्लुटेन आहे असं समजलं आणि दिवसाला ३० ग्रॅम तेल पोटात गेलं, तरी ते भरतं ०.६ मिलिग्रॅम. तेलाच्या बाटलीवर तासभर घालवणाऱ्या घराने पाच मिनिटं हिंगाच्या डबीवर घालवावीत, ती अशी.

तांदळाच्या पिठात किंवा नुसत्या डिंकात बांधलेला हिंग मिळतो; घटकांत तसं स्पष्ट लिहिलेलं बघून घ्यायचा. खडा हिंग म्हणजे शुद्ध, हा गैरसमज आहे, खडाही बांधलेला असू शकतो. गोडा मसाला, सांबार मसाला, पापड, तयार लोणचं या सगळ्यांत हिंग आहे. लोणच्याचा खार संपल्यावर वर राहिलेलं तेल थालीपिठाला किंवा भाताला लावायची आपल्याकडे पद्धत. ते तेल म्हणजे हिंगाचा अर्कच. घरचं लोणचं करायचं असेल तर योग्य हिंग आणून करावं आणि तेल निर्धास्त वापरावं. धणे-जिरे अख्खे आणून निवडावेत, त्यांत गहू-बार्लीचे दाणे निघतात.

दुसरी जागा म्हणजे पोळीच्या तेलाची वाटी. घरात एकालाच ग्लुटेन चालत नसेल आणि बाकीच्यांच्या पोळ्या होत असतील, तर ही वाटी सगळ्या व्यवस्थेवर पाणी फिरवते. घडीची पोळी करताना काय होतं बघा: लाटी पिठात बुडवली, थोडी लाटली, बोट तेलात बुडवून आत फिरवलं, वर पीठ भुरभुरलं, घडी घातली, पुन्हा लाटली. वीस पोळ्यांत पिठाची बोटं वीस वेळा तेलात जातात. शेवटी वाटीच्या तळाला कणकेचा थर दिसतो. एक ग्रॅम कणीक उतरली तरी त्यात ८० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. आणि मग वाया कशाला घालवायचं म्हणून ते उरलेलं तेल संध्याकाळच्या भाजीच्या फोडणीत. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विचारलं तर आठवत नाही. ओट्याशी उभं राहून बघितलं तरच कळतं.

म्हणून पोळीचं तेल सुरुवातीलाच वेगळं काढायचं, दोन चमचे, मोजून. संपलं तर पुन्हा घेताना डब्यात तोच चमचा बुडवायचा नाही, हात धुऊन डब्याच्या पळीने वाटीत घालायचं. उरलं तर ते पोळ्यांनाच, दुसऱ्या दिवशी. कणीक मळताना शेवटी देतात तो तेलाचा हातही याच वाटीतून द्यायचा. तुपाच्या भांड्यालाही हाच नियम. पोळीवर तूप लावलेला चमचा परत तुपात गेला की ते भांडं गेलं.

सर्वांत चांगलं चालतं ते असं की ग्लुटेन न चालणाऱ्याचं तेल लांब चोचीच्या, झाकणाच्या किटलीत ठेवायचं. ओतता येतं, पण त्यात काही बुडवता येत नाही. किटली पोळपाटापासून दूर, शक्य तर वरच्या फळीवर, कारण उडालेलं पीठ खाली बसतं. कडीला लाल दोरा बांधला की पाहुणे, स्वयंपाकाच्या मावशी, सगळ्यांना न सांगता कळतं. तव्याला तेल लावायचे ब्रश दोन ठेवून भागत नाही, ते कधीतरी बदलतातच. ब्रशच्या केसांच्या मुळाशी बसलेलं पीठ धुऊन निघत नाही. ब्रश काढून टाकून चोचीतून थेंब सोडायचा आणि कांद्याच्या अर्ध्या फोडीने पसरायचा. फोड रोज टाकून देता येते.

आता तळण. मराठीत घाणा शब्द दोन ठिकाणी येतो, तेल काढायचा आणि तळणीचा. कढईत एका वेळी सोडलेल्या पुऱ्या म्हणजे एक घाणा. तळणीत आधीचा घाणा कशाचा, यावर सगळं अवलंबून आहे. उकळत्या तेलात ग्लुटेन मरून जातं ही समजूत खोटी आहे. तळणीच्या १८० अंशांनी जंतू मरतात, पण प्रथिन आकार बदलतं, नाहीसं होत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गव्हाचे पदार्थ तळतात त्याच तेलात तळलेल्या बटाट्याच्या फोडींचे १० उपाहारगृहांतले २० नमुने तपासले, त्यांतल्या ९ नमुन्यांत ग्लुटेन सापडलं. बटाट्यात गहू नव्हताच, तो तेलातून आला.

तेल गाळूनही सुटका नाही. गाळणीत वरचा जळका चुरा अडकतो, मैद्याचे कण मलमलीतूनही खाली जातात. तेल जितकं थंड आणि निवळ दिसतं तितकी खात्री वाटते, आणि तळाशी थर असतोच.

म्हणून क्रम. दिवाळीत नव्या तेलात आधी ग्लुटेन नसलेलं: अनारसे, बेसनाची शेव, साबुदाण्याच्या आणि तांदळाच्या पापड्या, घरच्या भाजणीची चकली. भाजणीत काही घरांत मूठभर गहू घालतात, तो घातला असेल तर चकली दुसऱ्या रांगेत. ही शेव-चकली डब्यात भरून, झाकण लावून, ओट्यावरून हलवायची. मगच मैद्याची पाकिटं उघडायची. त्यानंतर शंकरपाळे, करंज्या, चिरोटे. उन्हाळ्याच्या वाळवणात गफलत होते ती कुरडईने. पापडांच्या ताटात ती पांढरीशुभ्र, तांदळाची वाटावी अशी बसलेली असते, पण ती गव्हाच्या चिकाची. चीक गाळताना बरंचसं ग्लुटेन चोथ्यात जातं, सगळं नाही. कुरडई नेहमी शेवटच्या घाण्याला. उडदाच्या पापडात गहू नसला तरी हिंग असतो, त्याचं पाकीट वाचूनच तो पहिल्या रांगेत घ्यायचा.

कढई वेगळीच हवी. जुन्या लोखंडी कढईवर तेलाचा जो काळा चिकट थर बसतो त्यात जुन्या तळणीचे कण धरलेले असतात. घासून पूर्ण निघत नाहीत. स्टीलची लहान कढई आणि एक झारा नवा घेणं स्वस्त पडतं. झाऱ्याची भोकं विसरू नका, कढई वेगळी ठेवून झारा तोच वापरणारी घरं पुष्कळ आहेत.

घरी वापरायच्या तपासणी पट्ट्यांनी तेल तपासावं का, असं विचारतात. स्वच्छ बाटलीतल्या तेलासाठी ते पैसे वाया. शंका असलेल्या तेलासाठी वापरायच्या असतील तर नमुना तळापासून ढवळून घ्यायचा. वरचं निवळ तेल घेतलं तर पट्टी स्वच्छ येते आणि खोटा दिलासा देते. तळलेल्या तेलात तर पट्टीचा भरवसा आणखी कमी, कारण तापलेलं ग्लुटेन नमुन्याच्या द्रावणात नीट उतरत नाही. पट्टीपेक्षा ‘आधी यात काय तळलं’ हा प्रश्न जास्त विश्वासाचा.

बाहेर खाताना हाच प्रश्न विचारायचा, पण नेमका. ‘ग्लुटेन आहे का’ विचारलं तर गाडीवाला नाही म्हणेल, आणि बटाटेवड्यापुरतं ते खरंही असेल, आवरण बेसनाचंच असतं. ‘याच कढईत समोसा तळता का’ असं विचारा. फरसाणाच्या दुकानात उपवासाच्या वेफर्सची कढई बऱ्याच ठिकाणी वेगळी असते, कारण धान्याचे पदार्थ तळलेलं तेल उपवासाला चालत नाही. धर्माने घातलेली ही शिस्त पथ्याला उपयोगी पडते. तरी विचारून खात्री करावी, आणि वेफर्स कुठल्या झाऱ्याने भरतात तेही बघावं. लग्नाकार्यात केटररच्या पुरीच्या कढईत तळलेले पापड आणि भजी सोडून द्यायची. वरण-भात घेताना वरणाच्या फोडणीत कुठला हिंग आहे ते आचाऱ्याला आदल्या दिवशी विचारायचं. पंगत बसल्यावर विचारून उत्तर मिळत नाही.

कुरडई तळून उरलेलं तेल फेकायची गरज नाही. थंड झालं की वेगळ्या बरणीत भरायचं, बरणीवर ‘गहू’ लिहायचं आणि दोन दिवसांत बाकीच्यांच्या पोळ्यांच्या वाटीत संपवायचं.